दहाव्याला न आलेले साहेब

आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं. मी बी.ए. झालो तो साहेबांमुळे. ते आमचे खासदार, दिल्लीत राज्यमंत्री. कर्जतला आले असताना हेडमास्तरांनी मला त्यांच्यापुढे उभं केलं आणि त्यांनी पुण्याच्या वसतिगृहात माझी सोय लावली. जात विचारली नाही, घर कोणाच्या बाजूचं तेही नाही. माणसाने स्वतःच्या बुद्धीने मत बनवावं, एवढंच त्यांचं राजकारण.

पुढे सरकारने त्यांना युरोपात राजदूत म्हणून पाठवलं. तिथल्या मंत्र्यांशी करारांची बोलणी करण्यात त्यांची काही वर्षं गेली. परत येऊन ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. मी तेव्हा शिक्षक झालो होतो. सुट्टीत त्यांच्या जीपमधून हिंडायचो.

आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याला नदीकाठी पंचक्रोशी जमते. पुढारी येतात, गेलेल्याबद्दल बोलतात. निवडणुकीत तर एकही दहावा चुकवत नाहीत. विरोधी उमेदवार एका सकाळी दोन-दोन नदीकाठ गाठायचा. साहेब मात्र कुठेच जाईनात. मी विनवलं, तर म्हणाले, "मास्तर, दुःखातल्या माणसांपुढे मतांसाठी उभा राहू? एरवी गेलो असतो. आत्ता नाही."

मला ते पटलं. आजही पटतं, आणि त्याचाच त्रास होतो.

कळंबला एका शेतकऱ्याने आम्हांला ओटीवर बसवून चहा दिला. त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर केस नुकते फुटत होते. साहेब परदेशात असताना आपला माणूस तिथं हाय म्हणून पोरांना अभिमानाने सांगायचो, असं तो म्हणाला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "बा गेला तवा तुमी कर्जतातच व्हतात. दहाव्याला नाय आलात."

साहेबांनी आपली अडचण नम्रपणे सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"भाषण कोन मागत व्हतं, सायेब? निस्तं येऊन बसायचं."

परतीच्या वाटेवर साहेब माथेरानच्या डोंगराकडे बघत राहिले.

ते पडले. कळंबच्या पेटीतही मागे राहिले. नंतर त्यांना कोणी उभं केलं नाही. पक्षाचं कर्जतचं ऑफिस बंद झालं, तिथे पिठाची गिरणी आली. मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवत राहिलो. मुलं पाठ करत, मला मात्र त्यातलं एक वाक्यही खरं वाटेनासं झालं.

काही वर्षांनी साहेब गेले. त्यांचा दहावा उल्हास नदीच्या काठी झाला. त्यांना पाडणारा आता मंत्री होता. तो फार सुंदर बोलला, मधेच गहिवरला आणि शेवटी, येत्या निवडणुकीत सांभाळून घ्या, असं म्हणाला. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मग मला बोलायला सांगितलं. मी मान हलवून नको म्हटलं. मागे एका दगडावर कळंबचा तो शेतकरी एकटाच बसला होता. त्याने जरा सरकून जागा दिली आणि मी त्याच्याशेजारी नुसता बसून राहिलो.