मण्यार चावल्यावर ऐकलेलं

"मण्यार," डॉक्टर म्हणाले. "न्यूरोपॅरालिसिस सुरू झालाय."

म्हणजे विषामुळे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. माणूस शुद्धीवर असतो, पण हलत नाही. हे मी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. पापण्या सकाळपासूनच उघडत नव्हत्या.

कुरुंदवाडला थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, मी जमिनीवर झोपलो होतो. साप चावल्याचं कळलंच नाही. पहाटे पोट दुखलं, मग जीभ जड झाली. कोल्हापुरातल्या छोट्या धर्मादाय इस्पितळात जीप पोचली तेव्हा मान लटकत होती. मी, इंग्रजीचा मास्तर, पहिल्यांदाच गप्प होतो.

अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, दिला. तरी दुपारी श्वास बारीक झाला. इस्पितळाच्या मदतीला दोन महिन्यांसाठी एक वयस्क परदेशी डॉक्टर बिनपगारी आले होते. ते त्या वेळी शेजारच्या सभागृहात फेटा बांधून स्वतःचा सत्कार सोसत होते. लाउडस्पीकरवरचं 'साक्षात देवदूत' मला स्पष्ट ऐकू येत होतं. आमचे डॉक्टर त्यांना आणायला धावले.

तेवढ्यात कंपाउंडरने माझ्या पापण्या वर करून डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या हलल्या नाहीत.

"आटोपलं, पावणं. माणसं बोलवून घ्या."

"गंगा आणायला पायजे," आक्काचे यजमान, भावजी, म्हणाले.

"आणलीया की," आक्का म्हणाली. "निघतानाच पिशवीत घातली."

तिने जिभेवर तुळशीचं पान ठेवलं. "पी रं बाळू." थंडगार पाणी घशात उतरलं आणि तिथेच थांबलं. गिळता येईना, खोकता येईना. 'मी जिवंत आहे' हे वाक्य मी दोन्ही भाषांत जुळवलं. ओठ एकाही भाषेला बधले नाहीत. दोन चमचे गंगेत मी बुडत होतो आणि आक्का माझे केस सारखे करत होती.

मग कुणीतरी मला झटकन कुशीवर वळवलं. पाणी बाहेर आलं. अंगावर सत्काराच्या हारातल्या निशिगंधाच्या पाकळ्या पडल्या.

"याला सगळं ऐकू येतंय," परदेशी डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. नर्सने ते मराठीत सांगितलं.

श्वासनलिकेत नळी घातली. तिला अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबायची रबरी पिशवी, जोडली. एक दाब, एक श्वास. संध्याकाळपर्यंत परदेशी डॉक्टरांनी स्वतः दाबली, मग घरच्यांना शिकवली. अट एकच, दाबताना त्याच्याशी बोला.

"मास्तर," भावजी म्हणाले, "पोरांचा श्वास कोंडायचासा तुमी. आता तुमचा आमच्या मुठीत हाय. जरा नीट ऱ्हावा."

आक्का बोलत नसे. तिची पाळी आली की श्वास थोडा लवकर यायचा, एवढंच.

तिसऱ्या दिवशी डावी पापणी उघडली. डॉक्टर मायदेशी निघाले तेव्हा मी भाषण केलं नाही. त्यांचा हात धरून बसलो.

तुमच्या घरी असं झालं, तर माणूस मेल्यासारखा दिसला तरी तोंडात काही घालू नका. आणि उशाशी जपून बोला.

आक्काने एकदाच विचारलं, "पाण्याचं कळत हुतं व्हय तुला?"

"नाही," मी म्हणालो.

आजही मी पाणी प्यायला लागलो की ती बोलायची थांबते. घोट खाली उतरेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहते.