नाव घेऊन प्यालेलं पाणी

गेल्या वैशाखात देवावरचा माझा विश्वास उडाल्यात जमा होता, हे आधीच सांगून टाकते. उगाच भक्तिणीचा आव आणून लिहायला बसले तर माझ्या घरचेच हसतील. माझा धाकटा भाऊ सुनील टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. तिथं एका पहाटे आग लागली, दार बाहेरून बंद होतं आणि आतली माणसं आतच राहिली. त्यानंतरही सोमवारी सिद्धेश्वराला जायचा नेम मी मोडला नाही, पण हात जोडण्याऐवजी मी त्याला जाब विचारायची. "तुझ्या देखत झालं की रे सगळं," असं म्हणायची आणि तशीच तरातरा परतायची.

वर्ष सरलं तेव्हा गेलेल्यांच्या आठवणीसाठी त्या जागी काहीतरी उभारावं असं सगळ्या घरांनी ठरवलं. मालक रस्त्याकडेचा कोपरा द्यायला तयार झाला, पण सगळ्या घरांचा एकमुखी होकार आला तरच. एकानंही नको म्हटलं तर जळक्या शेडसकट सगळी जागा विकून मी मोकळा, असं त्यानं तोंडावर सांगितलं. गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून घरोघर जाऊन लोकांच्या मनात काय आहे ते विचारायचं आणि आराखडा काढायचा, हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी गेलेही घरोघर. चहा प्यायले, फोटो बघितले, पण ऐकलं कुणाचंच नाही, कारण चित्र माझ्या डोक्यात आधीच तयार होतं.

आपल्याकडं देवळाच्या पायरीवर माणसं हौसेनं नाव कोरून घेतात. येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी, यापरता मान नाही अशी त्यामागची भावना. माझ्या आजोबांचंही नाव गावाकडच्या देवळात असंच एका पायरीवर आहे. तेव्हा मी पायऱ्या काढल्या. रस्त्यावरून वर चढत जाणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एकेक नाव आणि वर चाफ्याचं झाड. चित्र काढताना मला भरून आलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तो कागद उलगडला तेव्हा लोक माझं कौतुक करतील अशीच माझी समजूत होती.

सगळे कागदाभोवती जमले. रिक्षा चालवणारे रशीदचाचा पुढं आले, वाकून कागदाकडं बघत राहिले. त्यांचा मुलगा अब्दुल रहमान सुनीलच्या शेजारच्याच मागावर होता. त्यांनी बोट एका पायरीवर ठेवलं आणि हळूच म्हणाले, "दीदी, मेरे बच्चे के नाम में अल्ला का नाम है. उसपे लोगां चप्पल रखको जाते क्या?"

चूक मला तेव्हाच कळली. पण लगेच माघार घेईन तर मी कसली! "चाचा, यात अपमान कसला? उलट मान आहे हा," म्हणून मी तोंड चालवलं, आजोबांची पायरीसुद्धा सांगितली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "एकाच्या हट्टापायी जागा घालवायची का? त्यांचं नाव तेवढं वगळा की!" झालं, हॉलभर कालवा उठला. मुलाचं नाव वगळा, हे त्या बापाच्या तोंडावर बोललं गेलं आणि मी, जिनं सगळ्यांना विचारायचं कबूल केलं होतं, ती कागद हातात धरून बघत राहिले. चाचांनी टोपी नीट केली. "निकाल दो नाम. पर हमारी तरफ से हाँ मत बोलना," एवढं म्हणून ते निघून गेले. त्यांचा होकार गेला म्हणजे जागाही गेली, हे सगळ्यांना कळलं.

पुढचे दिवस मी तोंडाला चव नसल्यागत काढले. शुक्रवारी नमाजानंतर चाचा घरी असतील, म्हणून दुपारी निघाले. काय बोलायचं ते ठरेना, तेव्हा वाटेतच रिक्षा सोडली आणि मनाशी वाक्यं जुळवत चालू लागले. सोलापूरचं ते ऊन, डोक्यावर पदर नाही, पोटात सकाळपासून काही नाही. चालता चालता देवाशी भांडत होते. "तुला जे करायचं ते कर बाबा, माझ्या हातून काही होत नाही," असं शेवटी वैतागून म्हणाले ते आठवतं. मग डोळ्यांपुढं अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा एका बंद पडलेल्या माग-कारखान्याच्या पडवीत होते आणि एक म्हातारी पद्मशाली विणकर बाई माझं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती. शेजारी ओल्या फडक्यानं गुंडाळलेला रांजण. "नीळ्ळु तागम्मा," पाणी पी बाई, असं तेलुगूत म्हणत तिनं पेला पुढं केला. मी घेणार एवढ्यात तिनं तो मागं घेतला. "माज्या गेलेल्या लेकाचं नाव घे अन् पी. व्यंकटेश. तेला पोचतंय." मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण घसा कोरडा पडला होता. मी व्यंकटेशचं नाव घेतलं आणि घटाघटा पाणी प्यायले. ती इतकी खूश झाली, की जणू लेकच घरी आला होता.

तशीच उठून मी चाचांचं घर गाठलं. त्यांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. तोंडावर सगळा राग तसाच होता. मला चालत आलेली बघून चाची मात्र आतून पाणी घेऊन आल्या. उन्हातून आलेल्या माणसाला उंबऱ्यावर तसंच कोण ठेवतं? जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी पेला हातात घेतला, "अब्दुल रहमान" म्हणाले आणि पाणी प्यायले.

चाचींनी माझ्या हातातला रिकामा पेला छातीशी धरला. "मेरे बच्चे कू आखरी वखत घोटभर पानी बी नै मिला," म्हणून त्यांनी हंबरडा फोडला. सुनीलच्या तोंडातही कुणी पाणी घातलं नव्हतं. आम्ही कुणीच कधी ते बोललो नव्हतो. प्रत्येक घर तेच गिळून बसलं होतं आणि मी सगळ्यांना दगड दाखवत हिंडत होते. मी चाचींना मिठी मारली. चाचा दारातून बाजूला होत म्हणाले, "उधर पानी रखो, दीदी. जो प्यासा आया, पीको जाएगा. नाम उप्पर लिखो, आँखों के सामने."

चाचा आणि मी त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या घरी गेलो. या खेपेला मी फक्त विचारलं आणि गप्प बसले. कुणी पाणपोई म्हणालं, कुणी त्यालाच सबील, पण नको कुणीच म्हणालं नाही. सोमवारी मालकाला एकमुखी होकार कळवला.

त्या म्हातारीला भेटायला मी नंतर गेले. ती होती तिथंच, रांजण भरत. मला तिनं ओळखलंही नाही. दर उन्हाळ्यात ती तिथं बसते, त्यात चमत्कार काही नाही. पण मी हात टेकले आणि लगेच माझं डोकं तिच्या मांडीवर होतं, याला मी सिद्धेश्वराची कृपा म्हणते. कुणी हसलं तर हसू दे. माझं चित्र माझ्या हातून सुटलं नसतं, तर सगळ्यांचं काही उभंच राहिलं नसतं.

पाणपोई सुरू झाली त्या दिवशी पहिला पेला चाचांनी भरला. सगळ्यांना वाटलं, आता मुलाचं नाव घेतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, "सुनील" म्हणाले आणि पाणी प्यायले. वर्षभर मी नुसती चिडले होते, एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, मी भावासाठी पोटभर रडले.