देशकाळाचे चार प्रश्न

त्या वर्षी मी देवाची पूजा दिवसातून दोनदा करू लागलो, आणि उतारवयात माझी भक्ती वाढली असे लोक म्हणू लागले. प्रत्यक्षात सकाळची पूजा झाली आहे, हेच मला दहाच्या सुमारास आठवत नसे. तापीवरून स्नान करून आलो आहे एवढेच मनात असे. मग मी पुन्हा सोवळे नेसून देवासमोर बसे. पत्नीने पहिली फुले आधीच उचलून ठेवलेली असत, ताम्हन घासून पालथे घातलेले असे. ती नव्या फुलांसाठी परडी पुढे करी. फुलवाला मात्र दुसऱ्यांदा पुडी बांधताना हसून म्हणे, "गुरुजींना आता मोक्षाची घाई झाली." मीही हसे. त्या हसण्यात मला थोडे बरेही वाटे, हे आज कबूल करतो.

आयुष्यभर मी संस्कृत शिकवले आणि शिकवणीबरोबर लोकांच्या घरी पूजा सांगितल्या. बालपणी गुरुगृही जे पाठ केले ते आजही ओठांवर आहे. देवाची हजार नावे मी न अडखळता म्हणतो. त्यामुळे ज्याला एवढे पाठ आहे त्याची स्मृती जाते आहे का, हा प्रश्न मला पडत नसे आणि घरात कोणाला विचारवत नसे. तरीही एक भय आत होते. दिवस धुक्यातल्या नावेसारखे येत आणि जात. ऐलतीरावर उभे राहून पलीकडच्या जैनाबादचा काठ पाहावा, तो दिसतो न दिसतो तोच पुसला जावा, तसे कालचे प्रसंग होत. असाच एके दिवशी देवाचा चेहराही पुसला गेला तर, असे मनात येई आणि मी घाईने नामस्मरण सुरू करी.

थंडी पडू लागली होती. पत्नी म्हणाली, "अहो, बीपीच्या गोळ्या संपल्यात. मीही येते." बऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या सरकारी दवाखान्यात आम्ही गेलो. तिथे नवी पद्धत सुरू झाली होती. साठीपुढचा कोणीही रुग्ण आला, मग तो गुडघ्यासाठी येवो की खोकल्यासाठी, डॉक्टरांकडे पाठवण्याआधी सिस्टर त्याला बाजूला बसवून स्मरणाचे काही प्रश्न विचारत. पूर्वी यासाठी मोठ्या शहरात वेगळ्या डॉक्टरांकडे जावे लागे, आणि तिथे जाण्याचीच लोकांना लाज वाटे.

टेबलापलीकडे तिशीतली एक सिस्टर होती. तिला मी पूर्वी पाहिले नव्हते. "बसा बाबा," ती म्हणाली. "दोन-चार सवाल आहेत, सगळ्यांनाच विचारते. नाराज नका होऊ. तीन शब्द सांगते, ध्यानात ठेवा. केळं, चष्मा, दरवाजा."

मी ते शब्द म्हणून दाखवले आणि थोड्या तोऱ्याने सांगितले, "बाई, मला देवाची हजार नावे पाठ आहेत."

"असतील ना बाबा. ते लहानपणचं आहे, ते पक्कं बसलेलं. मी आजचं विचारते." मग तिने विचारले, "आपण आत्ता कुठल्या गावात आहोत? साल कुठलं? महिना कुठला? वार कोणता?"

त्या क्षणी काय झाले ते नीट सांगता येणार नाही. पंखा संथ फिरत होता, खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर पडली होती आणि तिचा आवाज मला फार लांबून येतो आहे असे वाटले. हे तर संकल्पाचे शब्द होते. कोणत्याही पूजेच्या आरंभी हातात पाणी घेऊन आपण हेच सांगतो: कोणत्या देशी, कोणत्या नदीच्या तीरी, कोणत्या संवत्सरी, मासी, पक्षी, तिथीला मी बसलो आहे. हजारो यजमानांकडून मी ते म्हणवून घेतले होते. आज कोणीतरी मलाच विचारत होते की तू कुठे आहेस.

मी म्हणालो, "तापीतीर. कार्तिक मास."

तिने मान वर केली. "बाबा, आमच्याकडं तर अगहन चालू आहे."

मला तिच्या अज्ञानाची दया आली. बऱ्हाणपुरात हा घोळ नेहमीचा आहे. मी तिला सविस्तर समजावले, की हिंदी मुलखात महिना पौर्णिमेला संपतो आणि आम्हा मराठी लोकांचा अमावास्येला. म्हणून कृष्णपक्षात त्यांचा महिना आमच्यापुढे जातो. त्यांचा अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागला तरी आमचा कार्तिकच असतो. शुक्लपक्षात मात्र दोघांच्या महिन्याचे नाव एकच. वर्गात शिकवावे तसे मी शिकवले, आणि शब्द कुठे अडला नाही.

तिने सगळे शांतपणे ऐकले. "आणि आज कुठला पक्ष, बाबा?"

"शुक्ल. काल संध्याकाळी घाटावरून अर्धा चंद्र पाहिला."

तिने पेन खाली ठेवले. मग अगदी हळू म्हणाली, "मग दोघांचा महिना एकच ना? तुम्हीच आत्ता सांगितलं."

मी पत्नीकडे पाहिले. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मार्गशीर्षातली सप्तमी आहे आज. सकाळी तुम्ही संकल्पात कार्तिकच म्हणालात. महिना लागून आठवडा झाला, तरी तेच म्हणता."

चार दिवसांवर मार्गशीर्षातली शुद्ध एकादशी होती. त्या दिवशी गल्लीतल्या राममंदिरात सामुदायिक पाठ होतो, आणि कितीतरी वर्षे त्याचा आरंभ मीच करत आलो होतो. तो दिवस माझ्या ध्यानीमनी नव्हता. सिस्टरने ते तीन शब्द विचारले तेव्हा मला फक्त केळे आठवले.

"माझी आजी निंबोला गावची," कागद भरता भरता ती म्हणाली. "दिवसभर भजनं म्हणायची, एक ओळ चुकायची नाही. आम्ही म्हणायचो, आजीच्या अंगात देव आला. माझ्या बापाला, पोटच्या पोराला ओळखेनाशी झाली तरी तेच म्हणायचो. डॉक्टरकडं नेलंच नाही, बाबा. तुम्ही जाल ना?"

मी लगेच हो म्हणालो नाही. पाठाची जागा जाईल, गल्लीत कुजबुज होईल, लोक पूजेला बोलावणार नाहीत, असे सगळे मनात येऊन गेले. पण मनात हेही आले की, ज्या देवाने आज तिच्या तोंडून माझे देशकाळ विचारले त्याला खोटे उत्तर कसे द्यावे? मी कागद घेतला.

डॉक्टरांनी रक्त तपासले, मोठ्या रुग्णालयातही पाठवले. एका जीवनसत्त्वाची कमतरता निघाली, तिची इंजेक्शने सुरू झाली. "सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही, गुरुजी," डॉक्टर म्हणाले. "पण वेळेवर आलात." काही परत आले, काही आले नाही. पुढच्या खेपेला सिस्टरसाठी प्रसाद नेला, तेव्हा कळले की ती कोणाच्या तरी रजेच्या जागी त्या एकाच दिवसापुरती आली होती. तिचे नावही मी विचारले नव्हते. यात मी चमत्कार शोधत नाही. प्रसाद तिथल्या रांगेत वाटला.

त्याआधी, दवाखान्यानंतर चौथ्या दिवशी, एकादशीला मी पहिले इंजेक्शन घेऊन मंदिरात गेलो. आसनावर बसण्यापूर्वी जमलेल्या मंडळींना सांगितले, "मला अलीकडे विसरायला होते. औषध चालू आहे. आज संकल्प दुसरे कोणी सांगतील, मी मागून म्हणेन."  मग शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "गुरुजी, मला तर कधीपासून होतंय. कुठल्या दवाखान्यात जाता?" माझ्या जुन्या विद्यार्थ्याने संकल्प सांगितला आणि मी यजमानासारखा शब्दाशब्दाने मागून म्हटला. आयुष्यभर दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलेल्या त्या शब्दांत इतकी विश्रांती आहे, हे मला कधी कळले नव्हते.

स्मरण हे माझे कर्तृत्व आहे, या समजुतीवर मी सत्तर वर्षे उभा होतो. ते देवाचे देणे होते. त्याने थोडे मागे घेतले आणि घेण्यापूर्वी एक माणूस पाठवून मला सावध केले, ही त्याची कृपा. आता घरी पत्नी तिथी सांगते, मी म्हणतो. तरीही कधी कधी नावे म्हणता म्हणता मधला दुवा निसटतो. पूर्वी अंगाला घाम फुटे. परवा असाच थांबलो, आणि बराच वेळ आवाज आला नाही म्हणून तिने स्वयंपाकघरातून विचारले, "कुठवर आलात?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "पण त्याच्यासमोर बसलो आहे."

"मग बसा," ती म्हणाली. "चहा झाला की हाक मारते."