शाफ्टवरची खडूची खूण

मंडळी, डोकं इतकं फिरलंय की इथेच ओकून टाकतो.

माझ्या पिकअपला मी मोठे टायर लावले, हे तुम्ही फोटोत बघितलंयच. टायर मोठा झाला की चढावर इंजिनाची ताकद कमी पडते, म्हणून मागच्या एक्सलचे गिअरही बदलायला लागतात. माझ्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाची ताकद मागच्या एक्सलपर्यंत नेणाऱ्या शाफ्टचे चार फेरे व्हायचे, ते पाच व्हायला हवे होते. काम दिलं संज्याला. एकाच चाळीत वाढलोय आम्ही, त्याचं गॅरेज इथे लालबागलाच. गेल्या महिन्यात म्हणाला, "झालं रे काम, बिनधास्त चालव."

आज सकाळी मंडळाची मूर्ती घेऊन करी रोडच्या पुलावर चढलो. अर्ध्या चढावर गाडी दमली आणि चक्क मागे सरकली. मूर्तीची गाडी मागे घ्यायची नाही, हा आमच्या मंडळाचा नियम. ढोल थांबले. कार्यकर्त्यांनी खांदे लावून गाडी वर नेली. माझ्याकडे कुणी बघेना.

दुपारी शाफ्टवर खडूने खूण केली, गाडी ढकलून चाकाचा एक फेरा पुरा केला आणि खाली वाकून मोजलं. चारच.

संज्याला फोन लावला. म्हणाला, "अरे, गिअर मिळालेच नाहीत. म्हटलं, तू थोडाच मोजणार आहेस?"

बरोबर ओळखलं मेल्याने. परक्या मेकॅनिकचं काम मी त्याच्यासमोरच मोजून घेतलं असतं.

तुम्ही घेता का हो मोजून, आपल्या माणसाचं काम?