जबाबात न लिहिलेला प्रश्न

काही प्रकरणे फाईल बंद झाली की मिटतात. सिंगापूरमधल्या वुडलँड्सचे हे प्रकरण मिटले नाही, कारण त्यातून एक जुनी फाईल वर आली आणि तिच्यावर सही माझी होती.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. दुपारी ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगायला ती तयार नव्हती. तिच्या ब्लॉकमध्ये भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी एक तरुणी खालच्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलीला वरचेवर आपल्या खोलीत नेते आणि दार लावून घेते, एवढेच तिने सांगितले. तासाभरात मुलीचे वडीलही तक्रार घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, सौम्य आवाज, प्रत्येक वाक्याला 'सर'. मुलगी सोबत होती. तरुणी तिच्या डोक्यात भलतेसलते भरवते, असा त्यांचा आरोप होता.

तरुणी जुरोंग आयलंडवरच्या एका रासायनिक कारखान्यात प्रयोगशाळेत पाळीने काम करत होती. वय तेवीस. तिच्या खोलीत रंगीत पेन्सिली, लहान टॉवेल, बर्फाची पिशवी आणि एक वही मिळाली. वहीत मुलीबद्दलच्या नोंदी होत्या. 'मंगळवार, ४.१०. डावा दंड, निळा डाग, बोटाएवढा.' 'गुरुवार, ३.५०. उजवी पोटरी, लांबट वळ, दोन.' यंत्रावरचे आकडे टिपावेत तशा. मत कुठेच नाही. परक्या मुलीच्या अंगाची इतकी बारीक नोंद ठेवणारी व्यक्ती सरळ नसते, असे माझे मत झाले. ते डाग तिनेच पाडले असतील, हीही शक्यता मी धरली होती.

तिला चौकशीसाठी ठाण्यात आणले. ओळखपत्रावर मराठी आडनाव दिसले. आपल्या भाषेत बोलले की माणूस मोकळा होतो, हा माझा जुना समज.

"मराठीत बोल. घाबरू नकोस," मी म्हणालो.

"इंग्लिश इज फाइन, सर."

तासभर तिने मोजकी उत्तरे दिली. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. निरपराध माणूस सहसा चिडतो. ही चिडत नव्हती, म्हणून माझा संशय वाढला. शेवटी मी थेट विचारले, "त्या पोरीला फूस लावून नेत होतीस ना?"

ती हसली आणि पहिल्यांदा मराठीत बोलली.

"काका, तुमची सवय अजून गेली नाही."

"कसली सवय?"

"उत्तर आधी देऊन मग विचारायची. मी आठ वर्षांची होते. शेजारच्या आजींनी पोलिसांना फोन केला होता. तुम्ही आलात. बाबांनी विचारलं, तुमचं गाव कुठलं? तुम्ही म्हणालात, सातारा. मग चहा झाला, चिवडा झाला. मला बोलावून बाबा म्हणाले, काकांना नमस्कार कर. मी केला. तुम्ही माझ्या सुजलेल्या हाताकडे बघून म्हणालात, पडलीस ना गं? बाबा तुमच्या मागे उभे होते."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. तुम्ही गेलात. बाबांनी दार लावलं."

मला काही आठवत नव्हते. सापडलेला माणूस अधिकाऱ्याला असा गुंतवू शकतो, हे मी तरुण सहकाऱ्यांना शिकवत आलो होतो. म्हणून जुनी नोंद मागवली. ती मिळाली. एक पान होते. 'मुलीच्या सांगण्यानुसार ती पडली. पुढील कारवाईची गरज नाही.' अक्षर माझे, सही माझी. मी काय विचारले होते, ते कुठेही लिहिलेले नव्हते.

मी परत तिच्यासमोर बसलो.

"पहिला डाग दिसला त्याच दिवशी इथे का आली नाहीस?"

"तुमच्यासारखं कुणी आलं असतं तर? कुणाला खोडता येणार नाही इतकं लिहून मग येणार होते."

"तेवढे दिवस ती मार खात राहिली."

"हो. ती चूक माझी. लिहून घ्या."

मी लिहून घेतले.

त्या संध्याकाळी ठरायचे होते ते एवढेच, की मुलगी वडिलांबरोबर घरी जाते की नाही. बालसंरक्षण अधिकारी पोहोचल्या. वडील नम्रपणे म्हणाले, "सर, ती लाजाळू आहे. मी आत बसतो."

"तुम्ही बाहेरच थांबायचं," मी म्हणालो.

आत मुलीला पाणी आणि कागद दिला. अधिकारी बाईंनी एकच प्रश्न विचारला, "हाताला काय झालं?" पुढे कोणी काही बोलले नाही. मला दोनदा बोलावेसे वाटले, विशेषतः मुलगी दाराकडे पाहू लागली तेव्हा. चार मिनिटे गेली.

"पापा अँग्री," मुलगी कागदाकडे पाहत म्हणाली. "देन हँगर, लाह." 'लाह' हे इथल्या बोलीचे शेपूट; हँगर म्हणजे कपडे टांगायचा.

हे तिला पढवलेले असू शकते, ही शंका मी तेव्हाही सोडली नाही. डॉक्टरांची तपासणी झाली. खुणांच्या जागा वहीतल्या जागांशी जुळल्या. पुढच्या दोन दिवसांत शाळेची हजेरी पाहिली; मुलगी ज्या ज्या दिवशी गैरहजर होती त्याच्या आदल्या दिवशी वहीत नोंद होती. वहीतले काही डाग वडील मुलीला घेऊन परदेशी गेले होते तेव्हाचे होते, आणि त्या दिवसांत तरुणी इथे पाळीवर होती. तिने ते डाग मुलगी परतल्यावर पाहिलेले होते. शंका तिथे संपली. मुलगी त्या पहिल्या संध्याकाळीच घरी न जाता मावशीकडे गेली होती. वडिलांवर गुन्हा दाखल झाला, तरुणीला सोडले.

जबाबावर सही करताना तरुणीने एक मागणी केली. "माझ्या जुन्या कागदावर तुमचा प्रश्न लिहाल का?"

जुनी नोंद बदलता येत नाही. जोडता येते. मी स्वतःचा जबाब लिहून वरिष्ठांकडे पाठवला. 'मी मुलीला तिच्या वडिलांसमोर विचारले, "पडलीस ना गं?"' त्याची प्रत तिला वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली, मग घड्याळ पाहिले. कारखान्याची बस सुटायची वेळ झाली होती.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक जबाबात उत्तराच्या आधी माझा प्रश्न लिहिला. काही प्रश्न लिहायची लाज वाटली. ते मी विचारले नाहीत.