यल्ला, एसी बंद

इकबालभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मनात पहिला विचार आला तो भलताच... आता सनाचं गाणं राहिलंच की.

इकबालभाई मूळचे खेडकडचे. इथे आखातात, हूऱ्यातल्या एका हॉटेलात साउंड सांभाळायचे आणि झिंजला आमच्याच मजल्यावर राहायचे. घरातल्या लहान खोलीच्या भिंतींना त्यांनी आईने शिवलेल्या गोधड्या टांगल्या होत्या आणि तिथे ते रेगेचे, म्हणजे जमैकाच्या संगीताचे, रिडिम बनवत. रिडिम म्हणजे बास आणि ड्रमचा एक साचा. त्यावर कितीही गायकांनी आपापली वेगळी गाणी बांधायची. मला हे काही पटेना. म्हटलं, "एका चालीवर इतकी गाणी? हा शुद्ध आळस आहे." ते शांतपणे म्हणाले, "जोशीबुवा, तुमच्या गणपतीत आरत्या किती न् चाली किती, ते मोजा आधी." मी मनातल्या मनात मोजायला लागलो.

मग मला नादच लागला. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी मी तिथे ठाण मांडून बसे. रेकॉर्डिंगला एसीची घरघर चालत नसे. "यल्ला, बंद," म्हणजे अरबीत 'चला, बंद', म्हणत ते एसी बंद करत आणि कुणी मध्येच सुरू करू नये म्हणून रिमोट शर्टाच्या खिशात टाकत. गाणारा घामाने निथळायचा. कधी एखादी नर्स, कधी डिलिव्हरीवाला. एक दिवस चक्क मार्कस आला, जमैकाचा, हॉटेलांतून गाऊन नाव कमावलेला. हा बडा माणूस नवशिक्यांच्या पंगतीला कसा बसला, हे कोडं मला सुटेना. विचारलं की इकबालभाई नुसते हसत.

त्यांची एकच इच्छा होती, लेकीने, सनाने, मार्कस गायला त्याच रिडिमवर गावं. ती म्हणायची, "पप्पा, मार्कस अंकलनंतर मी? पीपल विल कम्पेअर."

"करू देत. एकाच तव्यावर सगल्यांच्या भाकऱ्या होतात. तुज्या दादीची मी डोळे मिटून वळखीन."

तिने ऐकलं नाही आणि ते वाट बघतच गेले. याचं मला फार वाईट वाटतं.

परवा मार्कस भेटायला आला. तो, मी आणि सना त्याच खोलीत बसलो. तो इथे गायला कसा तयार झाला, हे न राहवून मी त्याला विचारलंच. तो म्हणाला, आधी त्याने नकारच दिला होता. मग इकबालभाईंनी कच्चा रिडिम पाठवला. त्यात मागे एक मुलगी गुणगुणत होती, कपबश्या वाजत होत्या. "ते ऐकलं आणि मला गावंसं वाटलं," तो म्हणाला आणि सनाकडे वळला. "चहा घेऊन तूच आली होतीस ना?"

सनाने दाराकडे पाहिलं.

दारामागच्या खुंटीवर इकबालभाईंचा शर्ट अजून तसाच आहे. एसीचा रिमोट वापरून झाला की घरचे तो परत त्याच खिशात ठेवतात. सनाने उठून रिमोट काढला, एसी बंद केला आणि तो स्वतःच्या खिशात टाकला.

"यल्ला, जोशी अंकल," ती म्हणाली, "दार लावा."