बुरशी धरलेला आवाज

पिरंगुटच्या बाजारात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे चाचा लोकांच्या कॅसेटी कधी मोठ्याने वाजवत नसत. इयरफोन लावून, गिऱ्हाइकाकडे न बघता ऐकत. मुळशीच्या दमट हवेत फितीला बुरशी धरायची. ती ते कापसाने हळूच पुसत.

एकदा माझी कॅसेट दुरुस्तीला दिली तेव्हा मी धीर करून सांगितलं, "चाचा, शास्त्रज्ञ म्हणतात, आपल्या पेशींत डीएनएचा धागा असतो. तसल्या धाग्यावर मजकूर लिहून हजारो वर्षं ठेवता येईल."

"आवाजबी?"

"कदाचित. पण अजून खूप वर्षं लागतील."

त्यांनी खणातून बुरशीने पांढरी पडलेली कॅसेट काढली. "माझ्या गेलेल्या बायकोचा आवाज हाय ह्यात. तवर न्हाई टिकायची ही."

मग इयरफोन माझ्यापुढे धरला. "तुमचं वय लहान हाय, ताई. तुमी ऐकून ठिवा."

खरखरीमागून एक बाई शेळीला हाका मारत होती. चाचा पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होते.